‘ते तुमच्याकडे आहेत का?’ : व्यसनमुक्ती केंद्रात नव्याने रुजू झालेल्यांसाठी गोपनीयतेचे धडे

कामाला लागून मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. दुपारी फोन वाजला. पलीकडचा माणूस घाईत होता. "माझा भाऊ तुमच्याकडे आहे ना? आईची तब्येत बिघडलीय." त्याने नाव सांगितलं आणि मी बोलून गेलो, "हो, ते आत्ता गटात बसलेत, तासाभराने करा फोन." तासाभराने फोन आलाच नाही. दुसऱ्या दिवशी कळलं की तो भाऊ नव्हता, ऑफिसातला कुणीतरी होता. पाठदुखीची रजा टाकून दाखल झालेल्या त्या माणसाने दुपारच्या आत सामान भरलं. तो गेला तो परत आला नाही.

त्याच्या आजाराबद्दल मी एक अक्षर बोललो नव्हतो. फक्त ‘हो’ म्हणालो होतो.

हा लेख अशा ‘हो’बद्दल आहे. समुपदेशक, परिचारिका, फोन घेणारे, हिशेब लिहिणारे, फरशी पुसणारे, केंद्राच्या दारातून रोज आत येणाऱ्या प्रत्येकासाठी. तुम्ही स्वतः उपचार घेणार असाल तर हाच लेख उलट्या बाजूने वाचा. आपण केंद्राकडून काय मागू शकतो ते कळेल.

आधी एवढं डोक्यात बसवा

इतर दवाखान्यांत गुपित फायलीच्या आत असतं. आपल्याकडे ते दारावरच्या पाटीवर लिहिलेलं असतं. मोठ्या रुग्णालयात एखादा दाखल आहे म्हटलं तर ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. पाय मोडला असेल, पित्ताशय काढलं असेल. व्यसनमुक्ती केंद्रात दाखल आहे म्हटलं की निदान सांगून झालंच. माणसाचं नाव आणि केंद्राचं नाव एका वाक्यात आली की फाईल उघडायची गरज उरत नाही.

आणि या गुपिताची किंमत रक्तदाबाच्या गुपितापेक्षा वेगळी असते. नोकरी जाऊ शकते, मुलांच्या ताब्याचा खटला फिरू शकतो, वाहन चालवण्याचा परवाना अडकू शकतो. बेकायदेशीर पदार्थ असेल तर उपचाराची नोंद हीच गुन्ह्याची कबुली ठरेल ही भीती असते. अमेरिकेत १९७० आणि १९७२ साली दारू आणि अमली पदार्थांच्या उपचारांच्या नोंदींसाठी वेगळे कायदे झाले ते याच भीतीपोटी. पकडले जाऊ म्हणून लोक उपचारालाच येईनात, तर केंद्रं उघडून उपयोग काय? त्या कायद्यांखालचे नियम १९७५ साली आले. तिथल्या सर्वसाधारण आरोग्य-गोपनीयता कायद्याच्या, म्हणजे १९९६ च्या ‘हिपा’च्या, कितीतरी आधी.

भारतात २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे. मानसिक आजाराच्या त्याच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्था येतात, त्यामुळे कलम २३ मधला गोपनीयतेचा हक्क आपल्या रुग्णालाही आहे. युरोपीय संघाचा डेटा संरक्षण नियम आरोग्याची माहिती ‘विशेष’ गटात धरतो. तुमच्या ठिकाणी कुठला कायदा लागू आहे ते वरिष्ठांकडून पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. पण खाली जे सांगतोय त्यातलं बरंचसं कुठल्याही कायद्याच्या पुस्तकाशिवायही पाळता येतं.

पहिली पायरी : फोन आणि दार

एक वाक्य पाठ करा: "कोण इथे आहे आणि कोण नाही, हे आम्ही कुणालाच फोनवर सांगत नाही."

यातला ‘कुणालाच’ महत्त्वाचा. नवी माणसं हमखास एक घोळ घालतात. विचारलेली व्यक्ती खरोखरच केंद्रात नसेल तर मदतीच्या भरात "नाही हो, असं कुणी नाही इथे" म्हणून मोकळी होतात, आणि असेल तेव्हा "सांगता येणार नाही" म्हणतात. दोनदा फोन केलेल्या कुणालाही मग ‘सांगता येणार नाही’चा अर्थ ‘हो’ आहे हे कळतं. म्हणून जो नाही, त्याच्याबद्दलही तेच वाक्य, त्याच सुरात. अमेरिकेच्या नियमात हेच बसवलंय: माहिती द्यायची नसेल तर नकारसुद्धा असा हवा, की त्यातून ती व्यक्ती तिथे उपचार घेते हे उघड होऊ नये.

फोन करणारा खरंच अडचणीत असू शकतो. त्याला झिडकारू नका. "तुमचं नाव-नंबर द्या. अशी व्यक्ती इथे असलीच, तर तिच्यापर्यंत निरोप जाईल." एवढं पुरतं. मग रुग्णाला सांगा, परत फोन करायचा की नाही ते तो ठरवेल. हे वाक्य आरशासमोर, सहकाऱ्यासमोर चार-पाच वेळा म्हणून बघा. रडणाऱ्या आवाजासमोर ते म्हणणं कागदावर दिसतं तितकं सोपं नसतं.

आपण केलेल्या फोनचंही तेच. पहिल्या भेटीतच रुग्णाला विचारून केसपेपरवर लिहून घ्या: कुठल्या नंबरवर फोन करायचा, दुसऱ्याने उचलला तर काय नाव सांगायचं, निरोप ठेवला तर चालेल का, एसएमएस पाठवायचा का. ‘उद्या ११ वाजता तुमची भेट आहे’ एवढाच मजकूर पुरे. केंद्राचं नाव, गोळीचं नाव, ‘समुपदेशन’ हा शब्द, काही नको. पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी नुसता पत्ता.

दाराशी आलेल्यांनी सह्या करायचं रजिस्टर उघडं पडलेलं असतं आणि आज कोणकोण आलं ते पुढचा प्रत्येकजण वाचतो. ते बंद करा. प्रत्येकाला सुटा कागद द्या. बाहेर बसलेल्यांना पूर्ण नावाने हाक मारू नका. आणि ‘युरिन टेस्टला कोण राहिलंय?’ असं व्हरांड्यात ओरडू नका. हसू नका, मी ऐकलंय.

दुसरी पायरी : संमतीपत्र

नव्या माणसाला वाटतं, संमतीपत्र म्हणजे दाखल होताना सह्या घ्यायच्या गठ्ठ्यातला एक कागद. आणि नेमकी तिथेच गडबड होते. हात थरथरतायत, घाम फुटलाय, दोन रात्री झोप नाही, अशा अवस्थेतल्या माणसाची सही ही समजून दिलेली संमती नव्हे. तातडीचं तेवढं तेव्हा घ्या. बाकीचं डिटॉक्सचे, म्हणजे शरीरातून नशा उतरण्याचे, दिवस सरले, डोकं ताळ्यावर आलं, की शांतपणे बसून.

चांगल्या संमतीपत्रात काय असतं? माहिती कोण देणार, कुणाला देणार, कशासाठी देणार, नेमकी कुठली माहिती देणार, आणि ही संमती कधी संपणार. शिवाय ती मागे घेता येते हे स्पष्ट लिहिलेलं हवं. ‘सर्व संबंधितांना सर्व माहिती’ असं छापलेला कागद समोर आला तर वरिष्ठांकडे परत न्या. ‘संबंधित’ कोण हे उद्या कोण ठरवणार?

उदाहरण घ्या. नोकरीच्या ठिकाणी उपचार चालू असल्याचा दाखला हवा आहे. रुग्ण म्हणतो, द्या. त्याला विचारा: कुणाच्या नावाने? मनुष्यबळ विभागाच्या प्रमुखांच्या. काय लिहायचं? एवढंच, की अमुक तारखेपासून उपचार चालू आहेत आणि भेटी नियमित आहेत. कुठला पदार्थ, किती वर्षं, कितव्यांदा, हे नाही. कधीपर्यंत? तीन महिने. मग त्याच शब्दांत लिहा आणि सही घ्या. पत्र पाठवण्याआधी रुग्णाला वाचायला द्या. मी हे नेहमी करतो आणि दर वेळी एखादी ओळ तरी गळते.

उपचार करणाऱ्या डॉक्टरांमधली देवाणघेवाण आणि बिलं यांसाठी मात्र काही ठिकाणी एकच व्यापक संमती चालते. अमेरिकेने २०२४ साली नियम बदलून तशी सोय केली: पुढच्या सगळ्या उपचारांसाठी, पैशाच्या व्यवहारासाठी आणि कामकाजासाठी एकदाच सही. त्याने काम सोपं होतं हे खरं. पण रुग्णाला त्याचा आवाका समजावून सांगायचं काम सोपं होत नाही, उलट वाढतं.

संमती मागे घेतली तर? त्या क्षणापासून थांबायचं. आधी गेलेली माहिती परत आणता येत नाही, आणि हे सहीच्या आधीच सांगायचं असतं.

तिसरी पायरी : घरची माणसं

खरी कसोटी इथे आहे. चोरून माहिती काढणाऱ्यांना नकार देणं तुलनेने सोपं. ज्या बायकोने दागिने गहाण टाकून उपचाराचे पैसे भरलेत, जी रात्र रात्र जागलीय, ती समोर बसून विचारते, "खरं सांगा, पुन्हा घेतली का त्यांनी?" आणि तुम्हाला उत्तर माहीत असतं.

पैसे भरणाऱ्याला पावतीचा हक्क असतो. समुपदेशनात काय बोललं गेलं याचा नसतो. हे कटू वाटतं, पण रुग्ण जर समजून चुकला की इथे बोललेलं संध्याकाळी घरी पोचतं, तर तो आपल्याशीही घरच्यांशी बोलतो तेच बोलायला लागतो. मग आपण उपचार कशावर करणार?

म्हणून पहिल्या आठवड्यातच रुग्णाशी करार करा. घरच्यांपैकी कुणाला काय सांगायचं? दाखल असल्याचं? औषधं घेतो की नाही? रिलॅप्स झाला, म्हणजे व्यसन पुन्हा सुरू झालं तर? बरेच रुग्ण ठीक असताना म्हणतात, "पुन्हा प्यायलो तर बायकोला सांगा." लिहून घ्या, तारीख टाका. पुढे ती वेळ आली की आधी त्यालाच बोलवा: "आपलं ठरलं होतं. तुम्ही सांगता की मी सांगू?" दहातले बरेचजण स्वतः सांगतात, तुम्ही फक्त खोलीत बसायचं. आणि त्याने ‘आता नको’ म्हटलं, तर ती संमती मागे घेणंच आहे. जीवाला धोका नसेल तर तिथे थांबावं लागतं.

एक गोष्ट नवी माणसं विसरतात. सांगायला बंदी आहे, ऐकायला नाही. ज्या घरच्यांनी स्वतःच माणूस आणून दाखल केलाय, त्यांचं म्हणणं जरूर ऐका. तो रात्री काय करतो, पैसे कुठे जातात, आधी कधी आकडी आली होती का. उपचाराला ते सोन्यासारखं असतं. तुम्ही बोलायचं ते आजाराबद्दल सर्वसाधारण: रिलॅप्स म्हणजे काय, घरात काय करावं, काय करू नये. या माणसाबद्दल नव्हे, या आजाराबद्दल. हा फरक जमायला मला दोनेक वर्षं लागली.

आणि घरच्यांनी सांगितलेलंही गुपितच. "हे मी सांगितलं असं त्यांना कळू देऊ नका" असं बायको म्हणाली तर आश्वासन देण्याआधी विचार करा. रुग्णाला स्वतःच्या नोंदी बघता येतात.

अल्पवयीन रुग्णाचे नियम ठिकठिकाणी फार वेगळे आहेत. स्वतः ठरवू नका, विचारा.

चौथी पायरी : नोंद लिहिताना

रुग्ण हे वाचणार आहे असं समजून लिहा. भारतात त्या २०१७ च्या कायद्याचं कलम २५ रुग्णाला आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी बघण्याचा हक्क देतं. युरोपातही असा हक्क आहे. ‘खोटं बोलतो’ असं लिहू नका. ‘तीन दिवस घेतली नाही असं सांगितलं, तपासणीत अल्कोहोल आढळलं’ असं लिहा. माहिती तीच, पण एक शेरा आहे आणि एक नोंद.

तिसऱ्या माणसांची नावं टाळा. कुणासोबत प्यायला, कुणाकडून पुडी घेतली, हे ‘मित्र’, ‘ओळखीचा’ एवढ्यावर भागतं. तो मित्र उद्या आपलाच रुग्ण म्हणून येऊ शकतो.

समुपदेशनात माणूस जे मन मोकळं करून बोलतो, लहानपणीचे मार, बाहेरचे संबंध, लाज, ते सगळं मुख्य केसपेपरवर उतरवायची गरज नसते. तिथे निदान, औषधं, प्रगती, पुढची भेट. समुपदेशकाचे टिपण वेगळं, वेगळ्या कुलपात. अमेरिकेच्या २०२४ च्या नियमाने अशा वेगळ्या ठेवलेल्या टिपणांना जादा संरक्षण दिलंय; ती उघड करायला स्वतंत्र संमती लागते.

संगणकावर नोंदी असतील तर दोनच सूचना. दुसऱ्याच्या पासवर्डने आत जाऊ नका आणि आपला देऊ नका. आणि ज्या रुग्णाशी तुमचं काम नाही त्याची फाईल उघडू नका, मग तो शेजारी असो की पडद्यावरचा नट. कोणी कधी काय उघडलं याची नोंद चांगल्या प्रणालीत राहते. प्रिंटरवर विसरलेल्या कागदाची मात्र राहत नाही, म्हणून तिथे जास्त लक्ष द्या.

पाचवी पायरी : गट

रुग्ण एकत्र बसून बोलतात त्या गटातल्या गोपनीयतेत एक उघड भोक आहे आणि ते रुग्णांपासून लपवू नये: कर्मचाऱ्यांना नियम बांधतात, पण शेजारच्या खुर्चीतल्या रुग्णाला सहसा फक्त त्याचा शब्द बांधतो. दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायला १९३५ साली सुरू केलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसने नावातच अनामिकता घेतली, पण तीसुद्धा एकमेकांना दिलेल्या शब्दावरच चालते. तेव्हा दर सत्राच्या सुरुवातीला तो शब्द मोठ्याने घ्या, मोबाइल बाहेर ठेवा, आणि नव्या सदस्याला आधीच सांगा की पहिल्या दिवशी सगळं सांगायची सक्ती नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप करू नका. ‘बरे होऊ या’ असं नाव देऊन हौसेने केलेल्या ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर आणि फोटो दिसतो. सूचना द्यायच्याच तर एकेकाला द्या.

सहावी पायरी : मौन कधी सोडायचं

जीवावर बेतलं असेल तर. ओव्हरडोस होऊन बेशुद्ध पडलेला रुग्ण रुग्णालयात पोचला आणि तिथला डॉक्टर विचारतोय, मेथाडोन (अफू-हेरॉइनच्या व्यसनावरचं औषध) चालू आहे का, किती, शेवटचा डोस कधी, तर सांगा, ताबडतोब. दारू सोडवण्यासाठी देतात ते डायसल्फिरम चालू असेल तर तेही. त्याच्या घटस्फोटाबद्दल सांगायची गरज नाही. मग बसून लिहा: कुणाला सांगितलं, कुठल्या रुग्णालयात, काय सांगितलं, किती वाजता, का.

दुसरा प्रसंग, लहान मुलाच्या छळाचा किंवा कुणाच्या जीवाला असलेल्या खऱ्या धोक्याचा. भारतीय कायद्याच्या कलम २३ मध्ये दुसऱ्याला इजा टाळण्यासाठी आणि जीवाचा धोका टाळण्यासाठी अपवाद दिले आहेत, पण अपवाद म्हणजे दार सताड उघडणं नव्हे; धोका टाळायला लागेल तेवढीच माहिती. हा निर्णय नव्या माणसाने एकट्याने घेऊ नये. वरिष्ठांना रात्रीसुद्धा उठवा.

पोलीस दारात आले तर घाबरू नका, उर्मटही होऊ नका. "लेखी आदेश द्या, आमच्या प्रमुखांशी बोला, मला इथे कोण आहे ते सांगता येत नाही." आदेश कुणाचा आहे, कशासाठी आहे, हे वकिलाला बघू द्या. अमेरिकेत साधं समन्स अशा नोंदींसाठी पुरत नाही; न्यायालयाचा वेगळा आदेश लागतो. तिथल्या नियमात आणखी एक गंमत आहे: न्यायालयाच्या परवानगीशिवाय केंद्राने जाणूनबुजून पोलिसांचा खबऱ्या कर्मचारी म्हणून ठेवायचा नाही आणि रुग्ण म्हणून दाखलही करून घ्यायचा नाही. असा नियम लिहावा लागला यावरून ओळखा.

पत्रकार किंवा माहितीपट करणारे आले तर भारतात कलम २४ आहे: संमतीशिवाय फोटो किंवा माहिती माध्यमांना देता येत नाही. आपल्याच केंद्राच्या फेसबुक पानावरचे ‘आमच्या यशोगाथा’ हेही त्यातच धरा. पाठमोरा फोटोसुद्धा ओळखीच्या माणसाला पुरतो.

यंत्रांबद्दल थोडं

२०२० च्या ऑक्टोबरात फिनलंडमधल्या वास्तामो या मानसोपचार कंपनीच्या हजारो रुग्णांची सत्र-टिपणं चोरीला गेल्याचं उघड झालं. चोराने आधी कंपनीकडे खंडणी मागितली आणि मग थेट रुग्णांना ईमेल पाठवले: पैसे द्या, नाहीतर तुमचं बोलणं जगजाहीर करतो. ‘वेगळ्या कुलपात’ म्हणालो तेव्हा माझ्या डोक्यात ही घटना होती.

पण चोर लागतोच असं नाही. २०२४ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने दारूच्या व्यसनावर ऑनलाइन उपचार देणाऱ्या मॉन्युमेंट या कंपनीवर कारवाई केली. माहिती शंभर टक्के गोपनीय राहील असं सांगून ती जाहिरात कंपन्यांपर्यंत पोचवल्याचा आरोप होता. वेबसाइटवर बसवलेल्या मोजणीच्या साधनांतून ती जात होती. तुमच्या केंद्राच्या वेबसाइटवर ‘मदत हवी’ असा अर्ज असेल, तर तो भरल्यावर माहिती कुठेकुठे जाते हे वेबसाइट बनवणाऱ्याला लेखी विचारा.

चूक झालीच तर

होणार. ईमेल चुकीच्या माणसाला जाईल, फाईल रिक्षात राहील. त्याच दिवशी वरिष्ठांना सांगा. पुसून टाकू नका, ‘बघू कुणाला कळतंय का’ करू नका. युरोपात नियामकाला कळवायला शक्यतो ७२ तास मिळतात, अमेरिकेत हिपाखाली रुग्णाला कळवायची कमाल मुदत ६० दिवसांची आहे. पण ही घड्याळं संस्थेची. रुग्णाला बाहेरून कळायच्या आत आपल्याकडून कळावं, यासाठी तास मोजायचे नसतात. त्या पहिल्या फोनबद्दल मी वरिष्ठांना दुसऱ्या दिवशी, विचारल्यावर सांगितलं. ती बाई मला ओरडली नाही. तिने फक्त फोनशेजारी एक चिठ्ठी चिकटवली, त्यावर वर दिलेलं वाक्य होतं.

आणि रस्त्यात भेट झाली तर

हे पहिल्याच सत्रात सांगून टाका: "बाहेर दिसलात तर मी ओळख दाखवणार नाही. राग मानू नका. तुम्ही दाखवलीत तर मी दाखवीन." नाहीतर त्यांना वाटतं आपण त्यांना टाळतोय. सोबत कुणी असेल आणि ‘तुमची ओळख कशी?’ असा प्रश्न आला, तर उत्तर रुग्णाला देऊ द्या. तो देईल त्या उत्तरात आपण सामील.

एकदा रेल्वेच्या डब्यात एका जुन्या रुग्णाने मला आनंदाने हाक मारली आणि बायकोला सांगितलं, "हा माझ्या शाळेतला मित्र." पुढची वीस मिनिटं ती मला त्यांच्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरांबद्दल विचारत होती. मी म्हणालो, मी मागच्या बाकावर बसायचो, फारसं आठवत नाही.